शब्दवहीचा तिसरा रकाना

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मी वकील आहे हे माहीत असूनही दिली, याबद्दल त्यांच्या धाडसाचं कौतुक करते. कोर्टात वीस मिनिटांत आम्ही फार तर पुढची तारीख घेतो. आज मात्र तारीख मागणार नाही, जे सांगायचं ते आजच सांगते.

आपण १९७९ ची दहावीची तुकडी. मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या, म्हणजे नववीच्या वर्षाबद्दल. त्या वर्षी शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला बाईंनी आपल्याला रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचून दाखवली. ती पाठ्यपुस्तकात नव्हती, तिच्यावर परीक्षा नव्हती आणि गुणही नव्हते. प्रती दोनच होत्या. एक शाळेच्या ग्रंथालयातली, दुसरी बाईंनी करवीर नगर वाचन मंदिरातून स्वतःच्या नावावर आणलेली. एक बाईंच्या हातात असायची आणि दुसरी बाकाबाकांतून फिरायची. मागच्या बाकांपर्यंत ती पोचायच्या आत घंटा व्हायची, अशी तक्रार आजही काही जणांकडून ऐकते.

पुस्तकाबद्दल दोन शब्द सांगते, कारण आज आपल्याबरोबर आपली मुलं-सुनाही आल्या आहेत. ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. विषय थोरल्या माधवराव पेशव्यांचा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्याच वर्षी सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. म्हणजे आपण वर्गात ते पुस्तक ऐकत होतो तेव्हा आपल्यात आणि गादीवर बसणाऱ्या त्या मुलात जेमतेम दोन वर्षांचं अंतर होतं. आणि ते लिहिणारा माणूस कुणी लांबचा नव्हता. चंदगड तालुक्यातल्या कोवाडचा, ताम्रपर्णीच्या काठचा, आपल्याच जिल्ह्यातला. आपल्या वर्गातला चंदगडकडचा मित्र त्या वर्षी जरा छाती पुढं काढूनच चालायचा. जणू कादंबरी त्याच्या घरच्यांनीच लिहिली होती!

पण पहिल्या शनिवारी आपली काय अवस्था झाली होती, आठवतंय का? मसनद, मसलत, खलिता, हुजऱ्या, पागा, शिलेदार, गारदी. दर दोन ओळींना एक शब्द आडवा यायचा. आपण मराठी माध्यमाची मुलं. घरात मराठी, गल्लीत मराठी, शिव्याही मराठीत. तरीही मराठी पुस्तक कळेना. कुणीतरी मागून म्हणालं, “बाई, हे मराठीच हाय न्हवं?” सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, “आहे तर मराठीच. तुझीच आहे. तुला अजून भेटली नाही एवढंच.”

मग बाईंनी तीन नियम घालून दिले. पहिला नियम, शब्द अडला म्हणून वाचन थांबवायचं नाही. पान संपेपर्यंत पुढं जायचं, कारण पुष्कळदा पुढच्या चार ओळीच मागच्या शब्दाचा अर्थ सांगतात. दुसरा नियम, अर्थ विचारण्याआधी स्वतः अंदाज करायचा आणि तो लिहून ठेवायचा. तिसरा नियम, शब्दकोशाकडं लगेच धावायचं नाही. आधी घरात, गल्लीत, शेजारीपाजारी विचारायचं, आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव लिहायचं.

त्यासाठी वहीला चार रकाने पाडायचे होते. पहिला रकाना ‘शब्द’. दुसरा ‘माझा अंदाज’. तिसरा ‘कुणी सांगितलं’. चौथा ‘कोशातला अर्थ’. ही आपली शब्दवही. काही जणांकडं ती अजून असेल. आज मला बोलायचं आहे ते तिसऱ्या रकान्याबद्दल.

शब्दकोश तेव्हाही होते आणि चांगले होते. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती साठ हजार शब्दांची. दाते आणि कर्वे यांच्या मंडळानं १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात भागांत काढला. बाई शेवटी त्याच्याकडंच जायच्या. पण शेवटी. आधी सगळ्या वर्गाला आपापलं सांगू द्यायच्या. मला तेव्हा वाटायचं, इतका उशीर कशाला? कोश उघडावा आणि मोकळं व्हावं. पण त्या उशिरातच काय काय घडलं ते आठवून बघा.

‘मसलत’ हा शब्द आला. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं सोमवारी येऊन सांगितलं, “दादीनं सांगितलं. मसलत म्हणजे चार माणसांनी बसून विचार ठरवायचा.” पुढच्या आठवड्यात ‘खलिता’. पुन्हा दादी. मग ‘मसनद’. पुन्हा दादी. घरात उर्दू बोलणारी, शाळेची पायरी न चढलेली ती म्हातारी बाई आपल्या वर्गाची सल्लागार होऊन बसली. निम्म्या वर्गाच्या तिसऱ्या रकान्यात ‘दादी’ हे एकच नाव दिसायला लागलं. ती मैत्रीण त्याआधी मराठीच्या तासाला फारशी बोलायची नाही. तिला वाटायचं, आपलं मराठी घरचं नाही. त्या वर्षी तिला कळलं की पेशव्यांच्या दरबारातलं निम्मं मराठी तिच्या घरात रोज बोललं जातं. आणि उरलेल्या आम्हाला कळलं की आपण ज्याला ‘अस्सल मराठी’ म्हणून मिरवतो, त्याचं कूळ सांगायला शेजारच्या दादीकडं जावं लागतं.

दुसरी आठवण पागेची. पागा म्हणजे घोड्यांची जागा आणि घोडदळही, इतकं बाईंनी सांगितलं. मग विचारलं, “पागेत काय काय असेल? सांगा.” पुढचे हुशार बाक गप्प. लगाम म्हणाले, खोगीर म्हणाले, संपलं. तेव्हा आपला एक मित्र उठला. त्याचे वडील टांगा चालवायचे. तो आज समोर बसला आहे आणि आतापासूनच मान खाली घालून हसतो आहे, म्हणून नाव घेत नाही. त्यानं एका दमात सांगितलं. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचं दातेरी साधन. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. तंग म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा. रिकीब म्हणजे स्वाराचा पाय ठेवायची कडी. आणि वर म्हणाला, “बाई, खोगिराच्या आत काय बी चिंध्या भरत्यात. फुगलं म्हंजे झालं.” बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मुलांनो, ‘खोगीरभरती’ हा शब्द तुम्ही निबंधात लिहिता. तो कुठून आला ते आज कळलं. आता पानाचा तोबरा कसा भरतात तेही कळलं असेल.”

मराठीत पस्तिसाच्या आसपास असणारा तो मुलगा त्या दिवसापासून वर्गाचा ‘पागेचा कारभारी’ झाला. घोडा, शेत, मोट, वैरण यातलं काही आलं की सगळ्यांची मान त्याच्याकडं वळायची. वार्षिक परीक्षेत त्याला मराठीत किती गुण पडले ते मी सांगत नाही, तो जेवताना स्वतःच सांगेल. सांगायचं ते इतकंच, की ज्या शब्दांची त्याला तोवर लाज वाटत होती, ‘टांगेवाल्याचे शब्द’ म्हणून, तेच एका मोठ्या कादंबरीच्या आजूबाजूला सन्मानानं उभे होते.

बाईंची अवघड शब्द सोपा करायची रीतही आठवते. शिलेदार आणि बारगीर यांतला फरक आपल्याला कळेना. दोघेही घोडेस्वार, मग नावं दोन कशाला? शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि हत्यार स्वतःचं. बारगिराला घोडा सरकारचा. बाई म्हणाल्या, “स्वतःचा ट्रक स्वतः चालवतो तो शिलेदार. एसटीचा ड्रायव्हर तो बारगीर.” पुन्हा आयुष्यात कुणी ते विसरलं नसेल. ‘गारदी’ तर मूळचा ना मराठी ना फारसी. फ्रेंचांकडून कवायत शिकलेल्या पलटणींबरोबर त्यांचा ‘गार्द’ हा शब्द आला, आणि आपण त्याला मराठी प्रत्यय लावून घरात घेतलं.

आणि ‘छबिना’! हा शब्द आपल्याला माहीत होता. गावच्या यात्रेत रात्री देवाची पालखी वाजतगाजत निघते तो छबिना. बाई म्हणाल्या, फौजेतही छबिना असतो. तिथं तो रात्रीचा फिरता पहारा. मग देवाचा आणि फौजेचा शब्द एकच कसा? फारसीत ‘शब’ म्हणजे रात्र. शबिना म्हणजे रात्रीचा, त्याचा झाला छबिना. लगेच कुणीतरी विचारलं, “मग शबनम पिशवीतला शब?” तोही तोच. शबनम म्हणजे रात्रीची ओल, दव. तेव्हा कॉलेजची मुलं खांद्याला शबनम अडकवून हिंडायची. आपल्याला एकदम वाटलं, या कॉलेजवाल्यांना सुद्धा माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे. त्या वयात याहून मोठा आनंद कोणता?

मग आपल्याला नादच लागला. गाव हेच पुस्तक झालं. भवानी मंडपाचा नगारखाना. शहराच्या पूर्वेची सरनोबतवाडी. सरनोबत म्हणजे घोडदळाचा मुख्य. गुजरी, जिथं आपण फक्त सोनं बघायला जायचो. जुन्या कोशात गुजरी म्हणजे संध्याकाळी रस्त्याकडेला भरणारा बाजार. ‘सर’ म्हणजे मुख्य हे एकदा कळल्यावर सरनोबत, सरदेशमुख, सरनाईक आणि गावचा सरपंच एका रांगेत येऊन बसले. ‘खाना’ म्हणजे जागा हे कळल्यावर नगारखाना, जामदारखाना, तोफखाना, कारखाना आणि दवाखाना एकाच वाड्यातल्या खोल्या वाटायला लागल्या. एक किल्ली हाती आली आणि दहा कुलपं उघडली.

बाईंची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे एके शनिवारी त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि वर्गाचा हजेरीपट उघडला. तेव्हा कळलं की आपण पेशवाईचा फड घेऊनच बसलो आहोत. चिटणीस, म्हणजे पत्रव्यवहार लिहिणारा. पारसनीस, म्हणजे फारसी पत्रं लिहिणारा. पोतनीस, म्हणजे खजिन्याच्या रोखीचा हिशेब लिहिणारा. ‘नीस’ म्हणजे मुळात नवीस, लिहिणारा. जामदार, किल्लेदार, इनामदार, हवालदार. फौजेची हजेरी लिहिणारा तो सबनीस, असं बाई म्हणाल्या तेव्हा सगळा वर्ग मागच्या बाकाकडं वळून हसला, कारण आपला सबनीसच त्या दिवशी गैरहजर होता. आणि ज्यांच्या आडनावाला असा काही हुद्दा नव्हता, त्यांना बाईंनी गावाच्या नावावरून, धंद्यावरून आडनावाची गोष्ट शोधून आणायला लावली. कुणाला वगळलं नाही. हे आज जास्त जाणवतं. शब्दांचा मोठेपणा सांगताना माणसांचा लहानपणा होऊ नये याची काळजी त्या घेत होत्या.

इथं थोडा इतिहास सांगते. हे परके शब्द मराठीत नकोत, असा विचार काही आजचा नाही. राज्याभिषेकाच्या काळात शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशा दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्द. फारसी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द. पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सरनोबताला सेनापती. स्वराज्याचा कारभार स्वतःच्या शब्दांत व्हावा ही फार मोठी दृष्टी होती. त्यातले अमात्य, सचिव, सेनापती हे शब्द आजही आपण वापरतो. पण त्यानंतर शंभर वर्षांनी माधवरावांचा दरबार भरतो तेव्हा ते स्वतः ‘पेशवे’च असतात. पेशवा म्हणजे पुढं चालणारा. आगाऊ दिलेल्या रकमेला आपण पेशगी म्हणतो, त्यातला ‘पेश’ तोच.

आपला जिल्हा तर दोन्ही बाजू सांभाळून बसला आहे. एकीकडं सरनोबतवाडी, दुसरीकडं पंत अमात्यांचा गगनबावडा. फारसी आणि संस्कृत दोन्ही आपल्या एसटीच्या पाट्यांवर. आपल्या राजाराम कॉलेजात शिकवून गेलेले माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांचंही तसंच. १९२५ साली ‘फारसी-मराठी कोश’ करणारा हा कवी पुढं भाषाशुद्धीचा कैवारी झाला. ज्यानं परक्या शब्दांची घरोघर जाऊन विचारपूस केली, तोच त्यांना निरोप द्यायला निघाला. पण निरोप द्यायचा तर तो ओळख करून घेतल्यावर, हे त्याच्या उदाहरणावरून मला पटतं. जो शब्द आपल्याला माहीतच नाही, तो ठेवायचा की काढायचा हे आपण कोण ठरवणार?

आता माझ्या धंद्याकडं येते, कारण शब्दवहीचा उपयोग मला परीक्षेपेक्षा तिथं जास्त झाला. वकील, अशील, दावा, जबाब, तहकूब. माझा सगळा दिवस पेशवाईतच जातो. प्रतिवादीचं लेखी म्हणणं म्हणजे कैफियत. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायची ती दरखास्त. वकिलीच्या पहिल्या वर्षी माझ्याबरोबरचे काही जण या शब्दांना बिचकायचे. मला ते नववीच्या वर्गातले ओळखीचे पाहुणे वाटायचे.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडं आल्या. कागलकडच्या. हातात टाइप केलेला कागद. वडील वारले होते. भावानं सांगितलं होतं, “सातबाऱ्याला नावं लावायची आहेत, सही लागणार.” दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात जायचं होतं. शेजारणीच्या सांगण्यावरून केवळ दाखवायला म्हणून त्या कागद घेऊन आल्या. कागदाच्या डोक्यावर एक शब्द होता, ‘हक्कसोडपत्र’. त्या सातवी शिकलेल्या. वाचता येत होतं. पण शब्द लांबलचक, सरकारी, म्हणून नजर त्याच्यावरून घसरून खाली सहीच्या जागेकडं गेलेली.

मी त्यांना अर्थ सांगितला नाही. बाईंच्या रीतीनं म्हटलं, “मावशी, हा शब्द तोडून वाचा.” त्या वाचू लागल्या. “हक्क... सोड... पत्र.” आणि थांबल्या. तिन्ही शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. जोडून मोठे झाले म्हणून परके वाटले. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशभरच्या कायद्यानं २००५ साली दिला. तो हक्क एका सहीनं सुटतो. बहिणीनं भावासाठी हक्क सोडावा की नाही हा तिचा प्रश्न. समजून-उमजून सोडणाऱ्याही पुष्कळ असतात आणि त्यांच्या मनाचा मोठेपणा मी पाहिलेला आहे. पण काय सोडतो आहोत ते कळून सोडावं. त्या मावशींनी दुसऱ्या दिवशी सही केली नाही. घरी जाऊन भावाबरोबर बसल्या, बोलल्या. दोघांची मसलत झाली म्हणा ना! पुढं काय ठरलं ते त्यांच्या घरचं, इथं सांगण्याचं नाही.

तेव्हापासून मला वाटतं, अवघड शब्दापुढं न बिचकणं ही साहित्याची हौस नाही, ती गरज आहे. अवघड शब्द दिसला की नजर चुकवून पुढं जायचं, अशी सवय लागली की माणूस पुढं आयुष्यभर अवघड कागदावर न वाचता सही करतो. आणि अवघड शब्द दिसला की थांबायचं, तोडून बघायचं, कुणाला तरी विचारायचं, ही सवय एकदा लागली की तो माणूस सहजासहजी फसत नाही. बाईंनी आपल्याला ‘स्वामी’तून ती सवय लावली.

आता मूळ मुद्दा. या मेळाव्याच्या निमित्तानं आपण शाळेला भेट द्यायची ठरवलं आहे. त्या बैठकीत एक सूचना आली की मराठीतल्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या सोप्या, संक्षिप्त आवृत्त्या घेऊन द्याव्यात, म्हणजे आजच्या मुलांना झेपतील. सूचना करणारा आपला मित्र स्वतः तीस वर्षं शिक्षक होता. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. तो सांगतो की पहिल्याच पानावर दहा शब्द अडले की आजचं पोर पुस्तक मिटतं आणि मोबाईल उघडतं. त्यापेक्षा सोपं का होईना, वाचेल तरी. पाचवी-सहावीच्या मुलांपुरतं मला त्याचं म्हणणं मान्य आहे. त्यांच्यासाठी सोपी पुस्तकं जरूर घ्यावीत.

पण आठवी-नववीच्या मुलांसाठी माझी विनंती वेगळी आहे. ‘मसलत’ काढून तिथं ‘चर्चा’ घातली, तर वाक्य सोपं होईल, पण दादीला विचारायचं कारण संपेल. ‘पागा’ काढून ‘घोड्यांचा तबेला’ केलं, तर तो टांगेवाल्याचा मुलगा उठून उभा राहणार नाही. आपण ज्याला अडचण म्हणून काढून टाकतो, तिथंच आपला वर्ग एकमेकांशी जोडला गेला होता. कारण सगळे शब्द कुणा एकालाच येत नव्हते. प्रत्येकाकडं थोडे थोडे होते. पहिल्या नंबरच्या मुलाकडंही सगळे नव्हते आणि शेवटच्या नंबरच्या मुलाकडंही काहीच नव्हतं असं झालं नाही.

कुणी म्हणेल, आता मोबाईलवर अर्थ क्षणात मिळतो. मिळतो की. मीही बघते. पण मोबाईल चौथा रकाना भरतो. तिसरा रिकामाच राहतो. पोरगं विचारायला आजीकडं जात नाही, आणि आजीलाही कळत नाही की तिच्याजवळ काही विचारण्यासारखं होतं.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. एका वर्गाला पुरतील इतक्या, म्हणजे चाळीस, एकाच कादंबरीच्या संपूर्ण प्रती. आपल्या वेळी दोन होत्या, तर आता बाकावर प्रत्येकाला एक. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा एक संच, आणि तो कुलपातल्या कपाटात नाही, वर्गात, मुलांच्या हाताला येईल असा. चार रकान्यांच्या चाळीस वह्या. इतकं पैशात होतं. पण पैशात न होणारी एक गोष्ट आहे. वाचून दाखवणारं माणूस. शाळेतल्या आजच्या शिक्षकांवर कामाचा बोजा किती आहे ते आपण जाणतो. त्यांच्यावर आणखी एक काम टाकायचं नाही. आपण निवृत्त झालेले, कोल्हापुरात राहणारे पुष्कळ जण आहोत. महिन्यातला एक शनिवार एकानं घेतला तरी वर्षाची वाटणी सहज होते. मुख्याध्यापकांशी बोलले आहे. शेवटचा तास द्यायला ते तयार आहेत.

वाचून दाखवणारा मराठीचाच पाहिजे असं नाही. आपला पागेचा कारभारी घोड्यांचं प्रकरण वाचेल. दादीची नात दरबाराचं वाचेल. आमचे डॉक्टर मित्र थेऊरची पानं वाचतील. माधवरावांना क्षय झाला होता. त्याला जुना शब्द राजयक्ष्मा. टीबी हा शब्द आपल्या लहानपणी घराघरांत कुजबुजत बोलला जायचा. आज त्या दुखण्यावर औषध आहे हे डॉक्टरांच्याच तोंडून मुलांनी ऐकलेलं बरं. मला मसलतीचं आणि न्यायनिवाड्याचं द्या. रामशास्त्री मी कुणाला सोडणार नाही.

आजच्या वर्गात आपल्यापेक्षा वेगळी मुलं आहेत. कुणाचे आईवडील ऊसतोडीला आलेले, कुणाचं घर कर्नाटकातलं, कुणाचं राजस्थानातलं, कुणाचं बिहारमधलं. त्यांच्या तिसऱ्या रकान्यात कोणाकोणाची नावं येतील याची मला उत्सुकता आहे. आपल्याला दादी भेटली. त्यांना कुणाची अव्वा भेटेल, कुणाची नानी भेटेल. एखादा शब्द असाही निघेल, की जो बाईंनाही माहीत नसेल. बाई, तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला पैज मंजूर आहे असं मी धरते.

जेवणाच्या मंडपात दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिलाही रकाने पाडले आहेत. नाव, महिना, आणि कोणतं प्रकरण वाचणार. बारा ओळी आहेत. पहिल्या ओळीत माझं नाव आहे, जूनचा महिना माझा. उरलेल्या अकरा ओळी जेवायला बसायच्या आधी भराव्यात ही विनंती. आपल्या कोल्हापुरात तांबडा-पांढरा पुढ्यात आला की नंतर कुणाचं लक्ष लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बाई, तुम्ही आम्हाला त्या वर्षी जे दिलंत त्याचे गुण कुठल्या गुणपत्रकात नव्हते. तो हिशेब आता आम्ही पुढच्या वर्गाच्या नावावर करतो आहोत. तुमचा आशीर्वाद असू द्या, आणि जमेल त्या शनिवारी येऊन मागच्या बाकावर बसा.